चौथा कप्पा

बाजारात वालाच्या शेंगा आल्या की मला घरातल्या एका भिंतीकडे पाठ करून बसावंसं वाटतं. एरवी बसतो तिच्याकडे तोंड करूनच, कारण टीव्ही तिथे आहे. टीव्हीच्या वर, जरा उजवीकडे, चार कप्प्यांची एक लाकडी फळी आहे. पत्रं, बिलं, चिठ्ठ्या ठेवायची. खाली किल्ल्यांसाठी आकडे. घरात तिला धड नाव नाही, आम्ही नुसतं ‘कप्पे’ म्हणतो. कप्प्यात बघ, कप्प्यात टाक. आता पत्रं कोणाला येतात? तरी घर म्हटलं की कागद येतच राहतात. लाईट बिल, दवाखान्याची फाईल, कोणाची तरी लग्नपत्रिका. कप्पे भरलेलेच असतात. ते मी स्वतः केलेत, आणि आमच्याकडे येणारं माणूस ते बघून माझ्या हाताचं कौतुक करतं. मी पाणी आणायला आत जातो.

यंदाही शेंगा आल्या. पुलाच्या अलीकडे बायका टोपल्या घेऊन बसल्या होत्या, शेंगांवर पहाटेचं दव तसंच. सुमनने, म्हणजे माझ्या बायकोने, एक शेंग मोडून नाकाशी धरली आणि म्हणाली, यंदा ताईंना बोलवा. मी पिशवी उघडून धरली. बोललो काहीच नाही. न बोलणं हा माझा जुना धंदा आहे.

वालाला आमच्याकडे कोणी पाणी देत नाही. भात कापून झालं की जमिनीत जी ओल उरते तिच्यावर तो येतो, वरून दव पितो. रोह्यापासून निडी, नागोठण्यापर्यंत कापलेल्या खाचरांतून तो पसरतो आणि थंडी पडली की शेंगा धरतो. मग पोपटी. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, बटाटे, अंडी, वर पुन्हा पाला. मडकं उपडं घालायचं आणि भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या. शिजलं की नाही ते उघडून बघता येत नाही. वरून पाण्याचा हबका मारायचा, चर्र वाजलं की समजायचं. आतल्या शेंगांना बाहेर काय चाललंय ते कळत नसणार. नुसती चारी बाजूंनी धग. त्या वर्षी मला आमचं घर तसं वाटायचं.

त्या वर्षी म्हणजे घरात फोन नव्हता, मुलगा रांगत होता, आई होती. कुंदाताई माझी थोरली बहीण. पेणच्या खाडीकडच्या गावात दिलेली. शेंगांच्या दिवसांत माहेरी यायची तिची रीत होती; यायची, आठ दिवस राहायची, पोपटी झाली की जायची. त्या वर्षी ती ट्रंक घेऊन आली. आईने ट्रंकेकडे बघितलं आणि विचारलं, “आठ दिसांना ट्रंक कशाला गो?”

“पिशवी फाटलीय,” ताई म्हणाली.

नवऱ्याने दुसरी बाई घरात आणून ठेवली होती, हे तिने पुढे केव्हातरी वाल सोलता सोलता सांगितलं. सोलणं थांबवलं नाही.

रोह्यात आम्ही दोन खोल्यांत राहत होतो. जागा भाड्याची, पुढे तीच विकत घेतली, अजून तिथेच आहोत. पुढची खोली, मागची खोली, मध्ये दार नाही, पडदा. मी कंपनीत शिफ्टला. रात्रपाळी करून आलो की दिवसा झोपायचो, आणि घरातल्या तिघीजणी माझ्या आजूबाजूला पाय न वाजवता चालायच्या. तीन बायका पाय न वाजवता चालत असल्या की त्याचा किती आवाज होतो हे अंथरुणात पडून ऐकणाऱ्यालाच माहीत. थंडीत कंपन्यांचा वास खाली उतरतो आणि धुक्याला धरून बसतो. खिडकी लावली तर जीव घुसमटायचा, उघडली तर वास.

ताई मला जड नव्हती. ती खाऊन खाऊन किती खाणार, आणि काम तर दोघींचं करायची. जड होता तो प्रश्न. कॅन्टीनमध्ये, रेशनच्या रांगेत, गावाहून आलेल्या काकांच्या तोंडून: ताई अजून इथेच आहे का? हे विचारताना माणसं आवाज मऊ करतात. मी म्हणायचो, आहे थोडे दिवस. महिना उलटला तरी थोडे दिवसच. हे उत्तर देऊन मी घरी यायचो तेव्हा ताईने माझ्यासाठी बंबात पाणी तापवून ठेवलेलं असायचं, आणि तिचा मला राग यायचा. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

तेव्हा घरातले कागद तारेला असत. सगळ्यांच्याच घरी असत. खाली लाकडी चकती, तिच्यातून वर गेलेली जाड तार, टोकाला आकडा. आलेला कागद वाचला की तारेत खुपसायचा. पोस्टकार्ड, बिल, पावती, एकावर एक. मयताचं कार्ड तेवढं नाही. ते वाचून दारातच फाडायचं, आत आणायचं नाही. बाकी आईचं, माझं, घराचं, सगळं त्या एका तारेला. ताईने बालवाडीत मदतनीस म्हणून अर्ज केला होता. मुलाखतीला या, असा कागद आला. तो आईने सवयीने तारेत खुपसला, नेमका साहेबाच्या सहीतून. ताईने तो काढला, भोकातून माझ्याकडे बघितलं आणि हसली. म्हणाली, हा दाखवला तर विचारतील, बाई, सायबाला गोळी घातलीस काय. मग म्हणाली, “वसंता, एखादी फळी कर ना रे, कप्प्या-कप्प्यांची. ज्याचा कागद त्याच्या कप्प्यात.”

म्हणजे कल्पनाही तिचीच.

कंपनीत नवं मशीन आलं की त्याच्या खोक्याच्या फळ्या निघत. पांढरं, हलकं लाकूड, नाकाशी धरलं तर गोडसर वास. साहेबांना विचारून काही फळ्या आणल्या. करवत आणि रंधा शेजारच्या सुताराकडून. मागे दोन फळ्या शेजारी-शेजारी, पाठीवर आडव्या पट्ट्या मारून जोडलेल्या. पुढे एकाखाली एक चार कप्पे, प्रत्येकाला तळाची बारीक फळी आणि पुढे जरा बाहेर झुकलेली पाटी, म्हणजे कागद वाकून कोणाचा ते दिसेल. यातलं मला काही येत नव्हतं. पहिला कप्पा केला तो इतका अरुंद की आंतर्देशीय पत्र आत जाईना. ताई म्हणाली, यात फक्त तुझं बोलणं मावेल. खिळे काढून तो पुन्हा रुंद केला. मी पडवीत कापायचो, ती दुसरं टोक धरायची.

आणि पॉलिश पेपरने घासायचं काम तिने मला करूच दिलं नाही. लाकडाच्या रेषेच्या बाजूने, हलक्या हाताने, मध्येच फुंकर, मग तळवा फिरवून बघायचा. भुकटी तोंडात जाऊ नये म्हणून ती घासताना ओठ मिटून असायची, त्यामुळे त्या दुपारी घर शांत असायचं. शेंगांच्या सालींचा ढीग, लाकडाची भुकटी, ताईच्या पापण्यांवर पांढरं. त्या वर्षातलं सुख म्हणून मला एवढंच आठवतं, आणि तेही पुढचं आठवल्याशिवाय आठवत नाही.

“चार झाले ना? आईंचा, माझा, तुमचा आणि ताईंचा.” हे सुमन म्हणाली. मुलाला कडेवर घेऊन पडवीत आली होती, कप्प्यांना बोट लावत म्हणाली. हे वाक्य सुमनचं आहे. मी मुद्दाम नीट लिहून ठेवतो आहे, कारण त्याचं मी पुढे काय केलं ते यंदापर्यंत कोणाला सांगितलेलं नव्हतं.

कंपनीत ड्रमवर नावं घालायचं काम कधीकधी माझ्याकडे यायचं, त्यामुळे माझं अक्षर रेखीव. काळा ऑइलपेंट, बारीक ब्रश. ताई शेजारी बसून बघत होती. “माझा नाव दोनच अक्षरांचा,” ती म्हणाली, “रंग वाचल तुझा.” तेवढ्यात नळ आला, ती हंडा घेऊन गेली.

मी ‘आई’ लिहिलं. ‘सुमन’ लिहिलं. ‘वसंत’ लिहिलं. चौथ्या पाटीशी ब्रश नेला आणि थांबलो. ऑइलपेंट पुसला जात नाही, हे डोक्यात आलं. नाव भिंतीवर लागलं म्हणजे ती राहिली. दारातून येणाऱ्याची पहिली नजर तिथे जाणार, मग मला थोडे दिवस म्हणता येणार नाही. मला कोणी सांगितलं नव्हतं, कोणी अडवलं नव्हतं, पाठीशी कोणी उभं नव्हतं. मी ‘इतर’ लिहिलं. अक्षर चांगलं काढलं.

आमची भिंत दगडाची, वर चुन्याचा गिलावा. खिळा थेट धरत नाही. आधी छिन्नीने भोक पाडायचं, भोकात लाकडाची गुट्टी ठोकायची, मग गुट्टीत खिळा. उजवं भोक नीट झालं. डावीकडे दगड लागला, म्हणून ते मी जरासं खाली घेतलं. ताई हंडा ठेवून आली तेव्हा मी कप्पे भिंतीला टेकवून उभा होतो, दोन्ही हात अडकलेले, तोंड भिंतीकडे. ती मागे येऊन थांबली. पाट्या वाचत असणार, वरून खाली. ते माझ्या पाठीला कळत होतं. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, “ताई, लांब जाऊन बघ गो जरा, सरळ बसलाय का.”

ती दारापर्यंत मागे गेली.

“सरळ हाय,” ती म्हणाली. मी खिळे ठोकले.

मग बाहेर हात धुताना तिने हळूच विचारलं, “चौथा कोणी सांगितला लिवायला?” मी घराकडे बघितलं. आत सुमन भाकऱ्या थापत होती, थापण्याचा आवाज बाहेर येत होता. मी त्या आवाजाकडे बघितलं, एवढंच. ताईने माझ्या नजरेबरोबर मान वळवली आणि पुन्हा काही विचारलं नाही. मी खोटं एक शब्दही बोललो नाही, हे मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो आहे.

चौथ्या कप्प्यात पहिला कागद ताईनेच ठेवला, तो बालवाडीचा, भोक पडलेला. ती मुलाखतीला गेली नाही. पोपटीलाही थांबली नाही. पेणला तिच्या ओळखीची एक बाई गणपतीच्या कारखान्यात होती. साच्यातून निघालेल्या मूर्ती घासून गुळगुळीत करायला बायका लागतात. हात बसलाय माझा, ताई म्हणाली. मी ट्रंक स्टेशनवर पोचवली. गाडी सुटताना तिने खिडकीतून आईला जपायला सांगितलं. मी घरी येताना मोकळा श्वास घेतला, हेही लिहितो. घेतला होता.

नंतर ती भाऊबीजेला यायची. सकाळच्या गाडीने यायची, संध्याकाळच्या गाडीने परत. सुमन दर वेळी गादी काढून ठेवायची आणि दर वेळी ताई म्हणायची, कारखान्यात काम पडलंय. चहा प्यायची, जेवण अर्धंच. सुमनशी बोलणं म्हणजे पाऊस लांबला का, मुलाचा अभ्यास कसा आहे. ती गेली की सुमन गादीची घडी पुन्हा घालायची. आई गेली, तिच्या नावाच्या कप्प्यात आता उदबत्तीचा पुडा असतो. मुलगा शिकून लांब नोकरीला लागला. कंपनी बंद पडली आणि मी वयाच्या आधीच घरी बसलो. घराला रंग काढला तेव्हा रंगाऱ्याने विचारलं, हे काढू का? मी नको म्हणालो. त्याने भोवतीने ब्रश फिरवला.

कंपनीच्या गेटातून कायमचा बाहेर आलो, पण या खोलीतून नाही. पेपर वाचताना, जेवताना, दुपारी डोळा लागून उठताना, ती तीन अक्षरं समोर. काढून टाकायची तर सुमन विचारणार, का? ठेवायची तर बघायची. दुसरीकडे तोंड करून बसावं म्हटलं तर पडदा, आणि पडद्यापलीकडे सुमन.

त्या दिवशी बाजारातून आल्यावर शेंगा निवडता निवडता ती म्हणाली की ताईंचा दम वाढलाय, पेणला एकट्या किती दिवस काढणार, इथे आणून ठेवू. “तुम्हीच जा. माझ्या बोलावण्याने त्या यायच्या नाहीत. माझं काय चुकलं ते मला अजून कळलं नाही.”

तक्रार नव्हती त्यात. भाताला पाणी किती लागेल ते सांगावं तशी म्हणाली, आणि पुढची शेंग उचलली. मी ज्या एका नजरेने सुटलो होतो तिच्यात ही बाई इतकी वर्षं अडकून होती, आणि आपण कशात अडकलोय हेही तिला माहीत नव्हतं.

मी पॅसेंजरने पेणला गेलो. निडीला गाडी जराशी थांबते. खाली खाचरात कोणीतरी पोपटीसाठी पेंढा गोळा करत होतं. नागोठणं गेलं की हवा बदलते, पुढे खाडीचा खारट वास येतो. ताईची खोली कारखान्यांच्या मागच्या गल्लीत. दोन्ही बाजूंना पांढऱ्या मूर्ती सुकत ठेवलेल्या, अजून डोळे न काढलेल्या, म्हणून मला तिथून चालता आलं. ताई उंबऱ्यात बसली होती. आता घासायचं काम तिला झेपत नाही. सुमनने दिलेल्या शेंगांची पिशवी मी पुढे केली, तिने तिथेच सोलायला घेतल्या. आत भिंतीला एक तार होती आणि तारेला कागद.

मी बराच वेळ काहीबाही बोललो. मग म्हणालो, “ताई, तो चौथा कप्पा सुमनने नाय सांगितला. ती तुझा नाव घाल म्हणाली होती. मी लिवला.”

तिचे हात थांबले.

“रंग जास्तच गेला म्हणजे तुझा,” ती म्हणाली. मग खोकला आला, तो बराच वेळ चालला. मी पाणी दिलं. पाणी पिऊन ती बोलायला लागली, दम घेत घेत. “लिवलास ते लिवलास. घर केवढा, माणसा किती, मला काय कळत नव्हता? पण तू मला लांब उभी केलास नि विचारलास, सरळ बसलाय का बघ. ते माझ्याकडनं कशाला वदवलास, वसंता?”

मला एवढी वर्षं वाटत होतं की माझा अपराध मला पाठ आहे. हा त्यात नव्हताच.

“नि सरळ नव्हता तो,” ती म्हणाली. “डाव्या अंगाला उतरला होता. मी बघितला नि म्हटला, राहू दे याच्या डोळ्यांपुढं तसाच.” तिने एक शेंग उचलली, सोलली नाही, नुसती फिरवत राहिली. “सुमनला सांगितलास?”

मी नकारार्थी मान हलवली.

“तिच्या हातचा मी धड जेवले नाय कधी,” ताई म्हणाली. “आधी घरी जाऊन तिला सांग. मला न्यायचा मग बघू.”

घरी आलो तेव्हा सुमन शेजारी गेली होती. मी एक गोल पेन्सिल कप्प्यांच्या वरच्या कडेवर ठेवली. ती डावीकडे घरंगळली आणि खाली पडली. पुन्हा ठेवली, पुन्हा पडली. आयुष्यभर मी अक्षरं बघत आलो. फळीकडे माझी नजर गेलीच नव्हती. पेन्सिल उचलत होतो तेव्हा सुमन दारात आली आणि म्हणाली, काय चाललंय? मी तिला सांगितलं. भिंतीकडे पाठ करून, तिच्याकडे बघत. हात धुतानाच्या त्या नजरेपर्यंत सगळं.

तिने सगळं ऐकून एकच विचारलं. “मी तेव्हा भाकऱ्या थापत होते?”

“हो.”

ती आत गेली. त्या संध्याकाळी आतून कसलाच आवाज आला नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते लिहिण्यासारखं नाही. जेवायला वाढलं जायचं, चहा यायचा, माझ्याशी बोलणं नव्हतं. एका सकाळी तिने पडदा ओढून घेतला आणि ताईला फोन लावला. मी पुढच्या खोलीत पेपर धरून बसलो होतो. मग रडणं की हसणं, पडद्यातून नीट कळेना. मग मात्र हसणंच, दोन्हीकडचं, फोनमधलंही बाहेर येईल एवढं. ताई येतेय, आठ दिवस, हे सुमनने शेजारणीला सांगितलं. मला नाही. मी छिन्नी-हातोडी काढून कप्पे सरळ करायला उठलो तेव्हा तेवढं बोलली, “राहू द्या. ताईंना बघू दे आधी.”

आज सकाळी पोपटीसाठी मडकं आलंय. पडवीत भांबुर्ड्याचा पाला ठेवलाय, त्याचा उग्र वास घरभर झालाय. मी पेपर घेऊन बसलो तर चष्मा सापडेना. नेहमी माझ्या कप्प्यात असतो. उठून बघितलं, ‘वसंत’ लिहिलेला कप्पा रिकामा. चष्मा नाही, गोळ्यांची चिठ्ठी नाही, माझे फंडाचे कागद नाहीत. आतून पुसलेला, कोणासाठी तरी मोकळा करून ठेवलेला.

“माझा चष्मा कुठे गेला?” मी विचारलं.

आत भाकऱ्या थापल्या जात होत्या. तो आवाज थांबला नाही.

“इतरमध्ये बघा.”